दूध न सोसणाऱ्यांसाठी ताक



खेड्यात पाहुणा आला की त्याच्यापुढे पेलाभर दूध ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. पाहुणा ते संकोचाने पितो, तोंड भरून वाखाणतो, आणि घटकाभराने त्याच्या पोटात गुरगुर सुरू होते. पण तो बोलत नाही. दूध म्हणजे पूर्णान्न, मुलाबाळांपासून पैलवानापर्यंत सगळ्यांना मानवणारे. मग ते आपल्यालाच का सोसू नये, याची त्याला लाज वाटते. ताकाला जाऊन भांडे लपवणारे लोक आपण ऐकले आहेत. हा गृहस्थ तर ताक हवे असूनही ताकाचे नाव काढत नाही.

अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. जगातल्या प्रौढ माणसांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांना दुधातली साखर नीट पचवता येत नाही. आपल्या देशात हे प्रमाण उत्तरेकडे कमी आणि दक्षिणेकडे जास्त आढळते. तेव्हा आज मी बोलणार आहे ते या मंडळींसाठी, आणि विशेषतः त्यांच्या घरातल्या नि शाळेतल्या मुलांसाठी. पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

१९७८ साली मी घाटमाथ्यावरच्या एका गावी शिक्षक होतो. शाळेला लागून वसतिगृह होते आणि त्याची देखरेख माझ्याकडे होती. सकाळी कवायतीच्या आधी, अनशापोटी, प्रत्येक मुलाने पेलाभर दूध प्यालेच पाहिजे, असा नियम मी केला होता. दूध म्हशीचे, चांगले दाट. पाचवीतला एक मुलगा रोज कवायत अर्ध्यावर टाकून ओढ्याकडे पळायचा. मला वाटले, कवायत चुकवतो. मग एके दिवशी तो आपला पेला कडुनिंबाच्या मुळाशी ओतताना सापडला. मी त्याला सगळ्यांदेखत उभे केले आणि शिक्षा म्हणून दोन पेले दूध माझ्यासमोर प्यायला लावले. त्या दिवशी त्या पोराचे जे हाल झाले ते इथे सांगण्यासारखे नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तो कुणाला न सांगता आपल्या वाडीला निघून गेला.

चार दिवसांनी त्याची आजी त्याला घेऊन आली. काखेत भाकरीचे गाठोडे, हातात फडके बांधलेले ताकाचे लोटके. म्हणाली, "गुरुजी, पोराला दूध सोसत न्हाई. आमच्या घरात कुणालाच सोसत न्हाई. ह्याचा बा, ह्याचा आजा, समदी ताकावरची माणसं. ताक द्या की त्याला."

मी हसलो. म्हटले, "अहो आजी, ताक तरी दुधाचंच ना? दूध सोसत नाही आणि ताक सोसतं, हे कसं?"

"ते मला न्हाई ठावं. पर सोसतं," एवढेच ती म्हणाली.

मुलाला मी दुधातून सूट दिली. पण मनात म्हटले, अडाणी बाई, नातवाचे लाड करते आहे. माझ्या त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले, आणि ते म्हातारीच्या बाजूचे निघाले.

ते उत्तर असे आहे. दुधात एक खास साखर असते. तिला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. गाईच्या किंवा म्हशीच्या शंभर मिलिलिटर दुधात ती साधारण ५ ग्रॅम असते. म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १० ग्रॅम. आईच्या दुधात ती याहूनही जास्त, शंभर मिलिलिटरला ७ ग्रॅमच्या आसपास असते. ही साखर दोन लहान साखरांची जोडी आहे. शेतकरी बंधूंना सांगायचे तर जुवाला जुंपलेली बैलजोडीच म्हणा. जू खांद्यावर असेतो जोडी गोठ्याच्या दारातून आत जात नाही. जू सोडावे लागते, मग एकेक बैल आत जातो. आपल्या लहान आतड्यात हे जू सोडणारा एक पाचक पदार्थ तयार होतो. त्याचे नाव लॅक्टेज. साखर लॅक्टोज आणि ती फोडणारे लॅक्टेज, नावे जुळ्या भावांसारखी आहेत, घोटाळा होऊ देऊ नका.

अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असते. मूल मोठे होते, भाकरी-भात खाऊ लागते, तसतसे बहुतेक माणसांत ते कमी होत जाते. कुणाचे तीन-चार वर्षांच्या वयापासून, कुणाचे दहाव्या-पंधराव्या वर्षी लक्षात येण्याइतके. वासरूही मोठे झाले की दूध सोडतेच की! मग जू न सुटलेल्या जोड्या दाराबाहेर राहतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जातात. तिथे त्या पाणी ओढून घेतात, म्हणून जुलाब होतात. आणि तिथले जीवाणू त्या साखरेवर ताव मारून वायू तयार करतात, म्हणून पोट फुगते, गुडगुडते, कळा येतात. दूध घेतल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत हा प्रकार होतो.

तेव्हा याला रोग म्हणणेही बरोबर नाही. उलट जगाच्या मानाने पाहता, मोठेपणीही पेला पेला दूध पचवणारी माणसेच वेगळी आहेत. हजारो वर्षे गुरे पाळणाऱ्या काही लोकांच्या वंशात लॅक्टेज मोठेपणीही टिकून राहिले. हे टिकणे आनुवंशिक आहे. त्यामागचा एक बदल २००२ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी शोधून काढला, आणि भारतातही दूध पचवणाऱ्यांपैकी पुष्कळांमध्ये तोच बदल आहे, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. धडधाकट प्रौढ माणसांतही दूध न पचणे इतके सर्रास असते, हे अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी १९६५-६६ साली छापले होते. म्हणजे मी त्या मुलाला दोन पेले पाजले, त्याच्या बारा वर्षे आधी! आजीने ते वाचले नव्हते आणि मीही वाचले नव्हते. पण तिला ते ठाऊक होते.

आता ताक का सोसते? विरजण म्हणजे जिवंत जीवाणूंचा समूह. हे जीवाणू दुधातल्या साखरेवरच जगतात. ती फोडतात आणि तिचे आम्ल करतात. त्या आम्लाने दूध घट्ट होते आणि आंबट लागते. दही लागेपर्यंत साखरेचा साधारण पाव हिस्सा असा संपतो. सगळी संपत नाही, हे नीट ध्यानात घ्या. दही कितीही आंबट केले तरी संपत नाही, कारण आंबटपणा वाढला की जीवाणूंचेच काम थंडावते. पण दुसरी गंमत अशी की या जीवाणूंजवळ जू सोडण्याची स्वतःची हत्यारे असतात. ताजे दही पोटात गेले की ती तिथेही काम करतात आणि उरलेल्या साखरेचा काही भाग फोडून देतात. तिसरे, दही घट्ट असल्याने पोटातून सावकाश पुढे सरकते. आणि ताकात आपण पाणी घालतो ते वेगळेच.

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर घालावे. एका वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घालून ताक केले. दोनशे मिलिलिटर ताकात दही किती? पन्नास मिलिलिटर. त्यात दुग्धशर्करा किती? दोन ग्रॅमच्या आतबाहेर. दुधाच्या पेल्यात दहा, ताकाच्या पेल्यात दोन. ज्यांना दूध सोसत नाही अशांपैकी पुष्कळांना एका वेळी दहा-बारा ग्रॅमपर्यंत साखर जेवणाबरोबर घेतली तर फारसा त्रास होत नाही; मग दोन ग्रॅमचे काय घेऊन बसलात? चहातले दूध अशा लोकांना का बाधत नाही, तेही याच हिशेबात येते. ते पळीभरच असते.

मात्र या गणिताला दुसरी बाजू आहे आणि ताकाचे गोडवे गाणारे ती सांगत नाहीत. पाणी घातल्याने साखर जशी चौथाईवर आली तशीच प्रथिने आणि हाडांना लागणारा चुनाही चौथाईवर आला. म्हणजे पेलाभर पातळ ताक पाजले म्हणून मुलाला पेलाभर दुधाचे पोषण मिळाले, असे समजू नये. वाढत्या मुलाला वाटीभर घट्ट दही जेवताना द्यावे, ताक त्याच्यावर. जोडीला नाचणीची भाकरी असेल तर फारच उत्तम. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो, दुधात तेवढ्याच वजनाला एकशेवीसच्या आसपास. अर्थात नाचणीतला सगळाच अंगी लागत नाही, पण ती गरिबाच्या घरात असते. तीळ आहेत, आणि कोकणात काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी आहे.

असो. आता विरजणाकडे वळू.

बायकांना दही लावायला मी काय शिकवणार, असे कुणी म्हणेल. पण आता पुष्कळ घरांतून दह्याची पिशवी विकत येते आणि विरजण मोडले आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो. दूध आधी चांगले उकळलेच पाहिजे. धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याकडे फार आहे, पण जनावरांचा क्षय आणि सांसर्गिक गर्भपाताचा ताप न तापवलेल्या दुधातून माणसाला होतो. दही लावल्याने ते जंतू मरतीलच असा भरवसा नाही. दूध उकळी फुटल्यावर मंद आचेवर आणखी चार-पाच मिनिटे ठेवावे. याने दहीही घट्ट लागते.

मग दूध कोमट होऊ द्यावे. कोमट म्हणजे किती? धुतलेली करंगळी दुधात बुडवून सावकाश दहापर्यंत अंक मोजता आले पाहिजेत आणि ऊब तर जाणवली पाहिजे. शाळेत तापमापक असेल तर ४० अंश सेल्सियसच्या आसपास. याहून फार गरम दुधात विरजण घातले तर जीवाणू भाजून निघतात आणि दह्याचे चोथापाणी होते. थंड दुधात घातले तर ते गारठून बसतात. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण पुरे. जास्त विरजण म्हणजे जास्त चांगले दही, हा समज चुकीचा आहे. त्याने दही लवकर आंबते आणि पाणी सुटते. विरजण दोन चमचे दुधात फेटून मग सगळ्या दुधात मिसळावे, आणि त्यानंतर भांडे हलवू नये. घरातल्या पोरांना "लागलं का, लागलं का" म्हणून भांडे कलते करून पाहण्याची भारी हौस असते. अर्धवट लागलेले दही असे एकदा मोडले की पुन्हा नीट धरत नाही.

उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही होते. थंडीत दहा-बारा तास लागतात. तेव्हा भांडे विझत्या चुलीजवळ ठेवावे, किंवा गोधडीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी. भांडे मातीचे, चिनीमातीचे किंवा स्टीलचे घ्यावे. मातीचे भांडे थोडे पाणी शोषते, म्हणून त्यातले दही कवडीसारखे लागते. पण ते रोज कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवणे जमत असेल तरच त्याच्या वाटेला जावे. कल्हई गेलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात दही, ताक ठेवू नये. ते कळकते. आम्लात तांबे उतरते आणि मग ओकाऱ्या होतात. अशा वेळी ताकाला दोष देऊन काय उपयोग?

दही बिघडले तर ते का बिघडले हे पाहावे. तार सुटत असेल तर विरजणात भलते जीवाणू शिरले; ते विरजण बंद करून दुसरीकडून ताजे आणावे. बुडबुडे आले, फसफसले, घाण वास आला तर भांडे अस्वच्छ होते. ते दही टाकावे. वर हिरवी, काळी किंवा तांबूस बुरशी आली तर वरचा थर काढून खालचे खाण्याची काटकसर करू नये. आणि सगळे नीट करूनही दही लागतच नसेल, तर गोठ्यात चौकशी करा. गाईला किंवा म्हशीला दगडी झाली होती का? तिला सुया टोचल्या का? कासेच्या रोगावर जी प्रतिजैविके देतात ती दुधात उतरतात आणि विरजणाचे जीवाणू मारतात. जनावरांच्या डॉक्टरांनी जितके दिवस दूध वापरू नका म्हणून सांगितले असेल, तितके दिवस ते दूध घरातही वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये. दूध फाटू नये म्हणून त्यात खाण्याचा सोडा घालणारेही महाभाग आहेत. त्या दुधालाही दही लवकर धरत नाही. विरजणाला बोलता येत नाही, पण ते असे पुष्कळ सांगते.

ताक दोन तऱ्हांनी होते. साध्या दह्यात पाणी घालून रवीने घुसळले की झाले रोजचे ताक. लोणी काढायचे असेल तर सायीचे विरजण करावे: रोजची साय एका भांड्यात जमवावी, पहिल्याच दिवशी तिच्यात चमचाभर विरजण घालावे, आणि चार-पाच दिवसांनी घुसळावे. उन्हाळ्यात गार पाणी घालावे, कडक थंडीत किंचित कोमट. लोणी येण्याच्या सुमारास रवीचा आवाज बदलतो. आधी जड, चिकट वाटते, मग एकाएकी पाण्यात खेळल्यासारखे होते आणि रवीवर कण दिसू लागतात. तिथे हात थांबवावा. आपल्या वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांनी तर पाणी किती आणि साय काढली की नाही यावरून घोल, मथित, तक्र, उदश्वित, छच्छिका अशी पाच नावे दिली आहेत. इतके बारीक पाहणारे लोक होते ते.

ताकात जिरेपूड, मीठ, आले, कोथिंबीर घातली की मठ्ठा. त्याची कृती सांगत नाही, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनी चाखली आहे. मला सांगायची आहे ती आंबील, कारण ती सकाळच्या दुधाच्या जागी बसते. रात्री दोन-तीन चमचे ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवावे. सकाळी दोन वाट्या पाणी उकळावे, त्यात ठेचलेला लसूण, जिरे आणि मीठ घालावे, मग कालवलेले पीठ हळूहळू सोडत ढवळत राहावे. गुठळी होऊ देऊ नये. पीठ शिजून चकाकी आली की उतरवावे. आता इथे एक खुबी आहे. शिजवताना ताकातले जीवाणू मेले. म्हणून आंबील कोमट झाल्यावर तिच्यात आणखी वाटीभर ताजे ताक घालावे आणि मग प्यावे. माझ्या त्या वसतिगृहात पुढे दुधाऐवजी हीच आंबील सुरू झाली. दूध ज्याला हवे त्याला दूध, नको त्याला आंबील. पहिल्या आठवड्यात दहा-बारा मुलांनी आंबील मागितली. म्हणजे ओढ्याकडे पळणारा एक होता, मुकाट्याने सोसणारे बाकीचे होते.

कढीचेही असेच आहे. उकळल्याने तिच्यातले जीवाणू जातात, पण साखर आधीच कमी झालेली आणि पाण्याने पातळ झालेली असते, म्हणून ती बहुतेकांना चालते. तुपात दुग्धशर्करा जवळजवळ नसतेच. पनीर आणि चक्का यांतली बरीच साखर निवळीबरोबर वाहून जाते. खव्याचे मात्र उलटे: चार-पाच लिटर दूध आटवून किलोभर खवा होतो, त्यामुळे साखरही तितकीच दाटते. बासुंदीची वाटी आणि चार पेढे रिचवून "मला ताक बाधलं" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

आपल्याला दूध सोसते की नाही हे घरीच अजमावता येते. दहा-बारा दिवस दूध पूर्ण बंद करावे, चहातलेसुद्धा. त्रास थांबला तर एके दिवशी सकाळी अनशापोटी पेलाभर दूध घ्यावे आणि तीन-चार तास पाहावे. त्रास परत आला तर बहुधा कारण सापडले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत श्वास तपासूनही हे सांगतात. दुधाचा मोह सुटत नसेल त्याने ते अनशापोटी न घेता भाकरीबरोबर, भाताबरोबर, थोडे थोडे घेऊन पाहावे. कित्येकांना वाटीभर दूधभात सोसतो, पेलाभर नुसते दूध सोसत नाही.

आता धोक्याच्या गोष्टी. या नीट ऐका. तान्ह्या मुलाच्या बाबतीत यातले काहीही लागू करू नका. मूल अंगावर पीत असेल आणि शी पातळ झाली तरी आईचे दूध थांबवायचे नाही. मोठी हगवण होऊन गेल्यावर लहान मुलांच्या आतड्याची भिंत काही दिवस दुखावलेली असते, तेव्हा वरचे दूध बाधते; ते पुढे आपोआप सुधारते. कुणाला दूध प्याल्याबरोबर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, दम लागत असेल, तर ते प्रकरण निराळे. तो दुधातल्या प्रथिनांचा वावडेपणा. त्याला दही-ताकही चालत नाही. त्याने डॉक्टरांकडेच जावे. शौचातून रक्त पडणे, वजन उतरणे, ताप, रात्री झोपेतून उठून जुलाब होणे, ही लक्षणेही दूध न सोसण्याची नव्हेत. ताकावर भागवून दिवस काढू नका.

शिक्षकांना एकच विनंती. मूल डबा खाताना, दूध पिताना का-कू करते, तेव्हा त्याला पोटात काय होते ते एकटे घेऊन विचारावे. चारचौघांत विचारले तर ते सांगणार नाही. "आवडत नाही" म्हणेल. जुलाब होतो हे वर्गात सांगणे दहा वर्षांच्या मुलाला मरणप्राय वाटते, हे मला त्या वेळी समजायला हवे होते.

विरजण टिकवायचे तर रोज दही लावण्याआधी चमचाभर बाजूला काढून ठेवावे. विरजण घरातले संपले तर हिरव्या मिरचीच्या देठांनी दूध लागते असे सांगतात. लागतेही कधीकधी, पण कुठले जीवाणू वाढतील याचा नेम नसतो. त्यापेक्षा शेजारणीकडून मागून आणावे हे बरे. मात्र दिवेलागणीच्या आधी जा. तिन्हीसांजेला विरजण द्यायला अजूनही पुष्कळ घरांत तयार होत नाहीत, आणि मग सकाळी तुमच्या ताकाचा खोळंबा होईल.